निजामशहाच्या दस्तरखानावर लिस्बनचा मास्तर

आधी नाकाला कळेल. घोड्यांची लीद, तापलेलं चामडं, गोवऱ्यांचा धूर, आणि या सगळ्यावर चढून बसलेला हिंगाचा दर्प. मग पायांना कळेल. खाली डांबर नाही, वैशाखातला फुफाटा आहे; घोटे बुडतील एवढा, आणि चांगलाच भाजणारा. आता मान वर करा. तुम्ही नगरातच आहात, कोठल्यापाशीच आहात. पण बसथांबा नाही, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज नाही, आणि कानाशी येऊन हॉर्न वाजवणारा टेम्पोही नाही. मागून येतोय तो उंट आहे. कडेला व्हा, तो थांबत नसतो.

नेमकं साल विचारू नका. १५४० च्या दशकातलं एखादं धरून चला. गादीवर बुऱ्हाण निजामशहा आहे. गाव वसून जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे चुन्याची घाणी, विटांचे ढीग आणि पाथरवटांची टाकटाक. पूर्वेला किल्ला शोधाल तर सापडेल, पण भिंगारला जाताना तुम्हाला दिसतो तो काळ्या दगडाचा तट अजून उभा नाही. आत्ता तट मातीचा आहे. दगडाचा बांधेल तो बुऱ्हाणचा मुलगा हुसेन. शहा डोंगरावर चांदबीबीचा महाल म्हणतात तो मनोराही नाही. डोंगर नुसता बोडका, उन्हात थरथरणारा.

लढाई बघायला तुम्हाला आणलेलं नाही. नगरच्या वाट्याला वेढे आणि तह पुष्कळ आले, त्यांची पुस्तकंही पुष्कळ आहेत. आज मला तुम्हाला शिकायला न्यायचंय. अशा ठिकाणी, जिथे इराणातला पंडित, तुर्की हकीम आणि लिस्बनच्या विद्यापीठात शिकवून आलेला एक पोर्तुगीज एकाच गावात, एकाच राजाच्या आसऱ्याने आपापलं ज्ञान मांडून बसले आहेत. आजचं विद्यापीठ परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करतं, शिष्टमंडळ येतं, फोटो निघतो. हे बघितलंत की तुम्हाला तो फोटो जरा फिका वाटेल.

पण आधी खाऊन घ्या, कारण उन्हाने तुमचे डोळे फिरायला लागलेत.

कोपऱ्यावर एक बाई तव्यावर भाकरी टाकतेय. बसा. तिच्याकडे मिरचीचा ठेचा मागू नका. मिरची अजून घाट चढून नगरच्या चुलीपर्यंत आलेली नाही. "मिरी व्हय, बाबा?" असं म्हणून ती तुमच्याकडे नीट निरखून बघेल. तिखट हवं असेल तर मिरी, आलं आणि पिंपळी. शेंगदाण्याची चटणी नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, मक्याचं कणीस नाही. ही सगळी मंडळी समुद्रापलीकडे आहेत. चहाचा विषय तर काढूच नका. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, हुलग्याचं माडगं, वर चिंचेचं सार. पहिल्या घासाला जीभ काहीतरी शोधत राहील. तिसऱ्या घासाला मिरीचा जाळ घशाच्या मागच्या बाजूने चढेल, नाक वाहायला लागेल, आणि तुमच्या लक्षात येईल की याच मिरीसाठी अर्धी दुनिया गलबतं घेऊन आपल्या किनाऱ्याला लागली आहे.

पोट भरलं? आता गर्दी बघा. ते उंच, काळे, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून चालणारे हबशी आहेत. घोड्याचे दात तपासणारे लांब झग्यातले अरब चौलच्या बंदरातून आलेत. लमाणांचा तांडा मिठाच्या गोण्या घेऊन निघालाय, बैलांच्या गळ्यातल्या घंटांनी कान किटतील. मराठा शिलेदार घोड्यावरून उतरून एका इराण्याशी घासाघीस करतोय; एकमेकांची भाषा धड येत नाही, पण भाव दोघांनाही नीट कळतोय. कागदांचं दप्तर काखेत मारून घाईने चाललाय तो ब्राह्मण कारकून. त्याच्या मागे चाला. तो जिथे वळेल तिथे तुम्हाला वळायचंय.

ही कोठल्याची कमान. आत या. चपला बाहेर.

बाहेरचा गलका एकदम मागे पडतो. मधे मोठा हौद आहे, पाण्यावर चिमण्या उतरताहेत. वाकून पाण्यात हात घाला. खापरी नळांतून लांबून आणलेलं हे पाणी इतकं गार आहे की मनगटापर्यंत शहारा येतो. हौदाच्या पुढे मशीद, आणि भोवती छोट्या छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत चटई, मातीचा घडा, कोनाड्यात पणती आणि माणूस. कुणी मांडीवर फळी घेऊन बोरूने नकल उतरवतोय, कुणी डोलत पाठ करतोय. काजळीच्या शाईचा तो किंचित डिंकाळ वास ओळखीचा वाटला ना? एका खोलीत कागद घोटण्याचं काम चाललंय. गुळगुळीत दगडाने कागदाला चमक आणताहेत. दौलताबादकडच्या कागदीपुऱ्याचा असा एक ताव हातात घेऊन बघा. कापडासारखा मऊ लागतो.

हे बारा इमाम कोठला. आज तुम्ही मोहरमच्या दिवसांत इथे गर्दी बघता, पण बुऱ्हाणशहाने हे बांधलं ते शिया पंथाच्या विद्येसाठी. शिक्षक, विद्यार्थी, पुस्तकं आणि मुदपाकखाना. रोज लंगर शिजतो, आणि तो गरिबांसाठी उघडा असतो. खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलंय. आजच्या भाषेत निवासी विद्यापीठ म्हणा हवं तर. त्या खोल्यांमधून कान देऊन फिरलात तर फारसीचे वेगवेगळे हेल ऐकू येतील, कारण माणसं निशापूर, अस्तराबाद, माझंदरान अशा ठिकाणांहून आली आहेत. ती इतक्या लांब का आली? पगार चांगला होता हे खरंच. पण दुसरं एक कारण आहे, आणि ते किल्ल्यात बसलंय.

चला, उठा. आज वार योग्य आहे. आठवड्यातून दोनच दिवस ही शिकवणी असते.

किल्ल्याकडे जाईपर्यंत एक गोष्ट ऐका, म्हणजे ऊन कमी लागेल. काही वर्षांपूर्वी बुऱ्हाणशहाने आपल्या गुरूंना, मुल्ला पीर महंमदांना, परंड्याला कामावर पाठवलं. परंडा म्हणजे जामखेडच्या पलीकडचं, तुमच्या ओळखीचंच. काम होतं थोड्या दिवसांचं. पण गुरुजी परतेचनात. वर्ष गेलं. आले तेव्हा राजाने विचारलं, इतका वेळ कुठे होता? तर परंड्याच्या किल्ल्यात एक इराणी विद्वान येऊन राहिला होता, शाह ताहिर नावाचा, आणि गुरुजी त्याच्यापुढे शिष्य होऊन टॉलेमीचा अल्माजेस्त शिकत बसले होते. ग्रीकांचं ते खगोलशास्त्र अरबीत आलं, अरबीतून इराणच्या मदरशांत गेलं आणि तिथून परंड्याच्या तटाआड एका राजगुरूच्या मांडीवर येऊन पडलं. राजा चिडला नाही. त्याने शाह ताहिरांना नगरला बोलावून घेतलं. मला ही सगळी हकीकत फार आवडते, आणि त्यात सर्वांत जास्त आवडतो तो म्हातारा मुल्ला. राजाचा गुरू असूनही ज्याला पुन्हा पाटी घेऊन बसावंसं वाटलं.

शाह ताहिर इराणातून सुखाने आले नव्हते. इस्माइली पंथाचे म्हणून तिथल्या बादशहाची वक्रदृष्टी झाली. जीव घेऊन समुद्रमार्गे गोव्याला उतरले, विजापूरला गेले, तिथे कुणी फारसं विचारलं नाही, आणि असे फिरत फिरत परंड्याला पोचले. हे लक्षात ठेवा. गोव्याचं बंदर पुन्हा एकदा येणार आहे.

आता डोकं वाकवून दरवाजातून आत. जाड मातीच्या भिंतींमुळे आत गारवा आहे. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलंय, ओल्या वाळ्याचा वास सगळीकडे भरलाय. सतरंजीवर वीस-पंचवीस पगड्या दाटीवाटीने बसल्या आहेत. तुम्हीही शेवटच्या रांगेत गुडघे मोडून बसा. मांडी ऐसपैस घालाल तर शेजारचा हकीम कोपरखळी मारेल. समोर शाह ताहिर बोलताहेत. आवाज मोठा नाही, पण कुणी हूं की चूं करत नाही. आता हळूच बाजूला बघा. विद्वानांच्या त्या घोळक्यात, अदबीने, हात गुडघ्यांवर ठेवून जो बसलाय तो बुऱ्हाण निजामशहा. या मुलखाचा धनी वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसतो. हे आपल्याला फेरिश्ता सांगतो, आणि फेरिश्ता स्वतः अशाच देवघेवीतून नगरला आलेला : अस्तराबादचं लहान पोर, वडिलांचं बोट धरून आलं, कारण वडिलांना निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवायची नेमणूक मिळाली होती. पुढे त्याने दख्खनचा इतिहास लिहिला, आणि तोच आज आपला वाटाड्या आहे.

वाद सुरू झालाय. एक तरुण मुल्ला उठून शंका विचारतो, दुसरा त्याला खोडतो, तिसरा कुठल्याशा ग्रंथाचं पान सांगतो. ग्रहांची गती, गोलांत गोल. तुम्हाला शब्द कळणार नाहीत, पण हातवारे कळतील; हवेत वर्तुळं काढली जाताहेत. आणि तुम्हाला आठवेल, याच काळात घाटाखाली, कोकणातल्या नांदगावात गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव लिहून तयार आहे. ज्या-कोज्यांची किचकट कोष्टकं बाजूला ठेवून ग्रहगणित सोपं करणारा हा ग्रंथ पंचांगकर्ते पुढे शेकडो वर्षं वापरणार आहेत. एकाच आकाशाची दोन गणितं, मधे फक्त सह्याद्री. ती दोन्ही या सतरंजीवर शेजारी यावीत असं तुम्हाला अगदी आतून वाटून जाईल. मलाही वाटतं.

ऊन कललं. आता बागेकडे. डाळिंबाच्या झाडांत पाटाचं पाणी खळखळतंय, आणि मोकळ्या हवेत कापड पसरून दस्तरखान मांडलाय. एक सांगून ठेवतो : दुपारची शिकवणी आणि ही संध्याकाळ इतिहासात एकाच दिवशीची नाही. तुमचे पाय दुखू नयेत म्हणून मी त्या जवळ आणल्या आहेत.

तस्तात हात धुवा. पाण्यात गुलाब आहे. मग वाफाळता पुलाव येतो, तुपात तळलेल्या बेदाण्यांसकट. कबाबाची चरबी निखाऱ्यावर ठिपकून चुरचुरते. केशराचा वास मधाच्या वासात मिसळतो. हुक्का शोधू नका, सिनेमावाल्यांनी तुम्हाला फसवलंय. तंबाखू अजून दख्खनेत यायची आहे. हकीम मंडळी बसली आहेत, अरब, खुरासानी, तुर्क. राजाने मोठमोठे तनखे देऊन ठेवलेली. आणि त्यांच्यामध्ये, सगळ्यांत वेगळ्या कपड्यांत घाम पुसत बसलेला तो गोरा चाळिशीतला माणूस बघा. गार्सिया द ओर्ता. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला, आणि १५३४ मध्ये सगळं सोडून गोव्याच्या बंदरात उतरला. हो, तेच बंदर. आणि मागची भीतीही तशीच. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती केलेले. पोर्तुगालमध्ये धर्माची चौकशी करणारी मंडळी दाराशी येण्याआधी तो हजारो मैल लांब आला.

आता त्याचं आणि बुऱ्हाणशहाचं चाललंय ते ऐका. राजा एका औषधाचं अरबी नाव सांगतो. ओर्ता ते दोनदा घोळवतो, घशातला 'ऐन' काही जमत नाही, हकीम हसतात. मग तो त्याच औषधाचं लॅटिन नाव सांगतो आणि राजा ते म्हणून बघतो. आता हसायची पाळी ओर्ताची. एक रोग, एक नाव इकडून, एक तिकडून. असंच चालतं, राजाने त्याला अरबी नावं शिकवली आणि त्याने राजाला लॅटिन, हे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलंय. कोण गुरू आणि कोण शिष्य हे सांगता येणार नाही, आणि कुणाला त्याची फिकीरही नाही.

तबकातून नमुने फिरू लागतात. हातात घ्या. ही चिंच, आत्ता दुपारी तुम्ही सारात प्यायलात तीच. युरोपातल्या औषधांच्या दुकानांत ती काळ्या गोळ्याच्या रूपात पोचते आणि अरबी नावामुळे तिथले शहाणे तिला खजुराची जात समजतात. ओर्ताने झाड बघितलं, सावलीत बसला, शेंग फोडली आणि विषय संपवला. हा हिरडा, हा बेहडा, हा आवळा. दाताखाली धरून बघा, हिरड्याने तोंड आवळलं की नाही? युरोपच्या वैद्यांकडे यांच्या वाळक्या फळांचे पाच प्रकार पेट्यांतून जातात. तिथे पुष्कळांचा समज की सगळी एकाच झाडाची. ही वेगवेगळ्या झाडांची फळं आहेत, हे ओर्ता ठासून लिहितो. अकोल्याच्या डोंगरातल्या कुठल्याही पोराने त्याला हे सांगितलं असतं, पण सालामांकाच्या ग्रंथालयात ते पोर नव्हतं.

बोलणं रोगांवर येतं. एक रोग असा, ज्यात माणूस सकाळी धडधाकट असतो आणि रात्रीपर्यंत जातो. अरब त्याला हैजा म्हणतात, इथली माणसं मोडशी. ओर्ता प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतो : डोळे खोल जातात, नाडी लागत नाही, पोटऱ्यांत पेटके येतात. पटकीचं युरोपी माणसाने केलेलं अगदी सुरुवातीचं तपशीलवार वर्णन त्याच्याच हातून उतरलं. आणि गालेनसारख्या ग्रीक आचार्यांशी न पटणारं मत तो इथे बेधडक मांडतो. स्पेनमध्ये असतो तर एवढं बोलायला धजावलो नसतो, अशी कबुली त्याच्याच पुस्तकात आहे. जरा थांबून याचा विचार करा. जे बोलायला विद्यापीठाच्या व्यासपीठावर भीती वाटली असती, ते तो दख्खनच्या माळावर हकीमांच्या पंगतीत बसून तपासून घेऊ शकत होता. शाह ताहिरांचंही तेच. आपापल्या देशात ज्यांच्या मानेवर तलवार होती, त्या दोघांना या गावाने बसायला जागा दिली, आणि बदल्यात गावाला अल्माजेस्त मिळाला, लॅटिन वैद्यक मिळालं. मला नगरचं मोठेपण मोजायचं असेल तर मी तोफा मोजणार नाही, हे मोजेन.

बुऱ्हाणशहालाही ते कळत होतं. त्याने ओर्ताला वेळोवेळी मिळून १२,००० परदाव नाण्यांहून जास्त रक्कम दिली, आणि दरवर्षी काही महिने नगरला येऊन राहशील तर ४०,००० परदावांचं उत्पन्न लावून देतो म्हणाला. पाहुण्या प्राध्यापकाला एवढं मानधन आजही कुणी देत नसेल. ओर्ताने ते घेतलं नाही. पण येत राहिला, तो मैत्रीसाठी.

विडे आले. तबकातून विडा पुढे केला की निरोपाची वेळ झाली असं समजायचं असतं. उठा, पण उठता उठता एकदा पंगतीकडे नीट बघून घ्या. कोण बसलंय ते बघितलंत. आता कोण नाही ते बघा. ज्याने हिरडा रानातून वेचून आणला तो अकोल्याकडचा माणूस इथे नाही. मुळ्या ओळखणारा वैदू नाही. बाळंतपणं करणारी, मुलाच्या पोटावर हात ठेवताच दुखणं ओळखणारी सुईण नाही. देशी वैद्यांकडून शिकलो हे ओर्ता मान्य करतो, त्यांचे उपायही नोंदवतो, पण मानाची जागा अरबीतले ग्रंथ वाचलेल्यांची. ही पंगत मला कितीही प्रिय असली तरी हे तुम्हाला दाखवल्याशिवाय इथून हलवणं मला पटत नाही.

रात्र धाब्यावर काढा. माळवदाची माती अजून कोमट आहे, पाठीला बरी वाटते. वारा सुटलाय. खाली घोडे फुरफुरताहेत, कुठेतरी पहारेकरी आरोळी देतो, आणि आकाशात इतके तारे आहेत की दुपारची ती हवेतली वर्तुळं आता तुमच्याही डोळ्यांपुढे फिरू लागतील. डास मात्र तेव्हाही होते.

सकाळी आपण जरा वेगाने पुढे सरकू. ओर्ताने गोव्यात बसून जे पाहिलं-ऐकलं ते संवादांच्या रूपात लिहिलं आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. भारतात छापखाना येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. चारच वर्षांत क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला, आणि चिंच, हिरडा, हिंग, मोडशी युरोपभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर पोचली. हाच क्लुसियस पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात गेला आणि तिथली प्रसिद्ध वनस्पती-बाग त्याने उभी केली. नगरच्या पंगतीतल्या गप्पा अशा लायडनपर्यंत गेल्या. ओर्ता मात्र गोव्यातही सुटला नाही. तो मेल्यावर धर्मचौकशीने त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. नगरच्या निजामशहाने ज्याला जवळ बसवून घेतलं, त्याच्याशी त्याच्याच धन्यांनी हे केलं.

एक शेवटची उडी. घट्ट धरा, ही चारशे वर्षांची आहे, पण अंतर फार नाही. परंड्याच्या अलीकडे उतरू.

जामखेड. १९७० चं दशक, दुष्काळाची वर्षं. धूळ तीच, ऊन तेच. एस्टीतून उतरताच डिझेलचा धूर नाकात जातो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातोड्यांचा आवाज येतोय. एका साध्या खोलीत शिरा; चुन्याचा आणि डेटॉलचा मिसळलेला वास आहे. रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर पती-पत्नी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये इथे आले. तिथे मोठ्या पदाची वाट मोकळी होती. त्यांनी जामखेड धरलं. आणि त्यांनी शिकवायला कुणाला घेतलं बघा. खाली सतरंजीवर नऊवारीतल्या बायका बसल्या आहेत. बऱ्याच जणींना सहीही येत नाही. काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा गावोगावाहून येतात, मुक्काम करतात, एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. ज्यांना गावात एका विहिरीवर येऊ देत नव्हते त्या इथे एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून बसल्या आहेत. सुरुवातीला हे सहज झालं नाही; जेवणाच्या वेळची ती अवघडलेली शांतता तुम्हालाही जाणवेल.

आता पाच-सहा वर्षं पुढे. त्याच बायका तुम्हाला ताप मोजताना, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजताना, अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचवताना दिसतील. मोडशीने खोल गेलेले डोळे ओर्ताने टिपले. त्या डोळ्यांत पुन्हा पाणी आणायचं काम या करताहेत. जामखेडचा हा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या पुस्तकात घेतला, आणि १९७८ मध्ये अल्मा-आता इथे जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला तेव्हा समोर असलेल्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण पुरस्कार बाजूला ठेवा आणि वर्गात या. जमिनीवर अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, आफ्रिकेतून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी मांडी घालायची धडपड करत बसले आहेत, पाय आखडलेत, वही मांडीवर आहे. समोर उभी आहे ती गावातली आरोग्यसेविका. ती मराठीत सांगते, दुभाष्या इंग्रजीत करतो, आणि वह्या भराभर भरताहेत. एक परदेशी पोरगी हात वर करून काहीतरी विचारते. बाई पदर खोचते, क्षणभर विचार करते, आणि आपल्या गावातल्या एका बाळंतपणाची गोष्ट सांगायला लागते. बुऱ्हाणशहाच्या दस्तरखानावर जिला जागा नव्हती, तिच्यापुढे आता परदेशी विद्यापीठांची मुलं शिकायला बसली आहेत. १९९४ पासून जामखेडला त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्था आहे.

परत आणलंय तुम्हाला, कोठल्याच्या बसथांब्यावर. चपलेतला फुफाटा झटका.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाला माझी मनापासून एक विनंती आहे. पुढचा परदेशी अभ्यासक येईल तेव्हा त्याला सभागृहातूनच शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नका. त्याला कोठल्याच्या हौदावर न्या, अकोल्यात हिरडा वेचणाऱ्यांबरोबर एक दिवस हिंडवा, जामखेडच्या वर्गात खाली सतरंजीवर बसवा. त्याच्या शेजारी आपली मुलं बसवा, आणि त्या मुलांना फारसी, पोर्तुगीज शिकायची सोय करून द्या. आपल्या गावाबद्दल फेरिश्ताने आणि ओर्ताने काय लिहिलंय ते त्यांनी दुसऱ्याच्या भाषांतरावर न विसंबता स्वतः वाचायला हवं.